अँटिव्हायरस आणि काकूंची हरकत

अपडेट होऊ शकले नाही, मदतीसाठी हेल्पडेस्कशी संपर्क साधा. इंग्रजीतली ही ओळ त्या शुक्रवारी सकाळी पाचव्यांदा पडद्यावर आली आणि मी माउस टेबलावर आपटला. अरे, हेल्पडेस्क कोण? मीच की हेल्पडेस्क! हिंजवडीच्या एका कंपनीत दोन वर्षं मी तेच काम करत होते. साता समुद्रापलीकडे कुणाचा मेल उघडेना, कुणाचा अँटिव्हायरस अडला, की तो आम्हाला फोन करायचा आणि आम्ही समोरच्या छापील कागदावरचे प्रश्न त्याला ओळीनं विचारायचो. लोकांचं नीट करून द्यायचे मी, आणि माझ्या घरात माझाच अडून बसला होता.

एरवी मी वैतागून बंद केला असता आणि चहा प्यायले असते. पण त्या दिवशी त्या कॉम्प्युटरमध्ये काकूंच्या जमिनीचा एकुलता एक पुरावा अडकला होता आणि तो दुपारी दोनच्या आत पौडच्या तहसील कचेरीत पोचायला हवा होता.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. हिंजवडीजवळच्या चांदे गावात रस्त्याला लागून, त्यांच्या घराशेजारी चार खोल्या, तीन आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या आणि एक मला. मी परभणीकडची, एकटी राहणारी पोरगी. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या मोटारीवरून मी त्या पोरांशी कडाकडा भांडले, तेव्हा काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. "लई तापट हायेस गं पोरी," म्हणाल्या. "पर बरं हाय. आमाला न्हाई जमलं कवा भांडाय." त्यांचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खोल्यांची जागा त्यांच्या नावावर होती, पण ओढ्याकडचं शेत अजून दिराच्या नावावर. नवऱ्याच्या वाट्याचा अर्धा तुकडा त्यांचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. सातबाऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

वाटणी झाली होती, साध्या कागदावर, पंचांसमोर, फार वर्षांपूर्वी. तो कागद दिराच्या पेटीत. वर्षभरापूर्वी एका संध्याकाळी दीर तो घेऊन चहाला आले होते. "बघा वैनी, हितं लिवलंय तुमचं. कशाला जीवाला घोर लावून घेताय?" मी तिथंच बसले होते, ऑफिसातल्या एकाचा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणलेला, दिसेल त्याचे फोटो काढत होते. काकूंनी मला कोपर मारलं. मी म्हटलं, "भाऊ, किती जुना कागद आहे हो, एक फोटो काढू?" ते खूश झाले आणि कागद दोन्ही हातांत ताणून धरला. पंचांची नावं, अंगठे, सगळं त्यात आलं.

पुढं हिंजवडीकडून जमिनीचे भाव सरकत सरकत ओढ्यापर्यंत आले आणि दिरांनी सगळं शेत एका बिल्डरला लिहून दिलं, काकूंच्या वाट्यासकट. कागदाचं विचारलं तर म्हणाले, "कुटं गेला कुणास ठावं. उंदरानं खाल्ला असंल." नाव बदलण्याआधी हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. काकूंना ते कळलं तेव्हा त्यातले नऊ उलटून गेले होते. मी त्यांचा हरकतीचा अर्ज कॉम्प्युटरवर मराठीत टाईप केला, आणि अर्ज व कागदाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवला. तो फोटो वर्षभरात मी एकदाही छापून घेतला नव्हता. घेऊ की, पळतोय काय तो, असं म्हणत राहिले. आळशी मेली!

बुधवारी अर्जाचा मसुदा पेनड्राइव्हवर घालून पौडला नेला. कचेरीसमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात छापून घेतला, कारकुनाला दाखवला. त्यानं दोन ओळी बदलायला सांगितल्या आणि विचारलं, "पुरावा काय जोडणार?" फोटो आहे म्हटलं तर म्हणाला, "मूळ कागद नाही? बरं, आहे ते जोडा. शुक्रवारी दोनच्या आत या, नंतर साहेब मीटिंगला जाणार आहेत. आणि मुदत त्याच दिवशी संपते बरं का." घरी येऊन मी पेनड्राइव्ह लावला, दोन ओळी बदलल्या, तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएस बंद पडायच्या आत मी अर्ज जपून घाईनं कॉम्प्युटर बंद केला. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाईट नसायचीच. ती आली तेव्हा मी कामावर होते.

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर एकही फोल्डर उघडेना. त्या टायपिंगच्या दुकानात दिवसभर शंभर पेनड्राइव्ह लागत असतील. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधला व्हायरस माझ्या पेनड्राइव्हमधून घरच्या कॉम्प्युटरमध्ये आला होता. प्रत्येक फोल्डर दिसत होता, नाव तेच, चित्र तेच, पण तो खरा फोल्डर नव्हताच. उघडायला गेलं की क्षणभर काळी चौकट यायची आणि जायची. खरे फोल्डर व्हायरसनं लपवून ठेवले होते. लपलेलं दाखव, अशी एक खूण असते, ती केली की दुसऱ्या क्षणी आपोआप पुसली जायची. त्याला थांबवायच्या सगळ्या वाटा त्यानं बंद केल्या होत्या. माझ्या अँटिव्हायरसला हा व्हायरस ओळखताच येत नव्हता, कारण तो नवा होता. अपडेट झाला असता तर ओळखला असता. आणि अपडेट होईना.

काकू सकाळी साडेसातलाच नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन माझ्या दारात येऊन बसल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत सातबारा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड.

"झालं का गं?"

"होतंय काकू."

"किती येळ लागंल?"

"मला काय माहीत!" मी खेकसले. मग लगेच लाज वाटली, पण माफी मागायलाही वेळ नव्हता. अकराला लोडशेडिंग. अकरानंतर चारपर्यंत लाईट नाही. साडेआठ झाले होते, म्हणजे मला जेमतेम अडीच तास होते, नंतर सगळं संपलं.

मी इंटरनेटची वायर काढून पुन्हा लावली. अँटिव्हायरस काढून टाकला आणि सीडीवरून परत बसवला. बसला शहाण्यासारखा, नंबर घातला, आणि अपडेट म्हटलं की तीच ओळ. साडेनऊ झाले. शेजारच्या खोल्यांतली पोरं कंपनीच्या बसनं केव्हाच निघून गेली होती, दुसरा कॉम्प्युटर म्हणून जवळपास नव्हता. शेवटी ऑफिसात फोन लावला. सकाळच्या पाळीला सोलापूरचा एक सहकारी होता, शांत स्वभावाचा, माझ्या अगदी उलट.

"बोल," तो म्हणाला. "अपडेट होत नाही ना? थांब, कागद घेतो. पहिला प्रश्न, तुमच्या कॉम्प्युटरची..."

"ए बाबा, कागद वाचू नकोस मला! मी काय गिऱ्हाईक आहे का? रोज तो कागद मीच वाचते."

"अगं पण ओळीनं गेलं तर..."

"ओळीनं जायला वेळ नाहीये इथं! एका बाईची जमीन जातीये. पुढचं सांग."

त्यानं बिचाऱ्यानं पुढचं सांगितलं. इंटरनेट चालू आहे का, चालू आहे. दुसरा अँटिव्हायरस बसवलाय का, नाही. व्हायरसनं अपडेटची वाट अडवली आहे का ते बघ, म्हणून एक फाईल उघडायला सांगितली. ती स्वच्छ होती. पावणेदहा ते सव्वादहा आम्ही दोघं झटत होतो. मग त्याला गिऱ्हाईकाचा फोन आला आणि त्यानं माझा ठेवला.

मला रडू आलं. खरं सांगते, रागाचं रडू. त्या व्हायरसवर, त्या दिरावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. एक फोटो छापून आणायला मला वर्ष पुरलं नव्हतं!

काकू उठून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "नसंल व्हत तर ऱ्हाऊ दे. तू हातानं लिव्ह अर्ज. फोटू नसला तर नसला."

"अहो, फोटोशिवाय तो अर्ज म्हणजे नुसता कागद! तुमचे दीर म्हणतील वाटणी झालीच नव्हती. पंच कोण होते ते तरी आठवतंय का तुम्हाला?"

"मी चुलीपाशी व्हते गं. भाईर पुरुषमानसं बसली व्हती. मला कोन सांगतंय?" त्यांनी पिशवी छातीशी धरली. "फोटूत नावं हायेत म्हनलीस ना तू, म्हून तर..."

मी घड्याळात बघितलं. साडेदहा. मी डोळे पुसले आणि ठरवलं, निदान अर्ज तरी नव्यानं टाईप करून ठेवू, नंतरचं नंतर. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पहिली ओळ लिहायला घेतली. काकू मागून बघत होत्या. म्हणाल्या, "आज कॅलेंडर मागं न्हाई फिरवलंस?"

"काय?"

"मराठी लिवायच्या आदी तू कॅलेंडर मागं फिरवतीस की. दर टायमाला. मंग लिवून झालं की म्होरं आनतीस. आज न फिरवताच लिवाय लागलीस म्हून इचारलं."

माझे हात थांबले. ते मराठीचं सॉफ्टवेअर फुकटातलं होतं, महिनाभर चालायचं आणि मग विकत घ्या म्हणायचं. आम्ही सगळेच तेव्हा एक युक्ती करायचो. महिना संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची. त्याला वाटायचं महिना अजून संपायचाच आहे. काम झालं की तारीख परत जागेवर. काकूंचे अर्ज, पाणीपट्टीची तक्रार, रेशनचा फॉर्म, सगळं मी असंच लिहून द्यायचे. बुधवारी त्या दोन ओळी बदलायला मी तारीख मागे नेली होती. तेवढ्यात लाईट गेली होती. आज मी तारीख मागे फिरवली नव्हती आणि तरी ते सॉफ्टवेअर मुकाट्यानं चालू झालं होतं, कारण ती मागेच होती.

मी कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली. बाहेर नवरात्र तोंडावर आलं होतं आणि माझा कॉम्प्युटर फेब्रुवारीत बसला होता. अँटिव्हायरस मी मे महिन्यात विकत घेतलेला. फेब्रुवारीत त्याचा परवाना सुरूच झालेला नव्हता, मग तो अपडेट कुठून आणणार? व्हायरसनं त्याला काहीच केलं नव्हतं. केलं होतं मी, माझ्या हातानं.

आणि त्या छापील कागदावरचा पहिला प्रश्न कोणता? तुमच्या कॉम्प्युटरची तारीख बरोबर आहे का? दोन वर्षं दिवसातून वीस वेळा मी तो लोकांना विचारत होते, आणि सकाळी त्या सोलापूरकराच्या तोंडातून तो पुरता बाहेरही पडू दिला नव्हता.

"काकू," मी म्हटलं, "तुमचे पाय कुठं आहेत?"

"अगं काय करतीस बया! आदी काम कर!"

तारीख पुढे आणली आणि अपडेट दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. दहा चाळीस. आमचं इंटरनेट म्हणजे सगळा आनंदच. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा दहा पंचावन्न झाले होते. काकूंनी पडद्याकडे बघून हात जोडले. अकराच्या ठोक्याला पंखा थांबला. बाकी कशाला नाही, पण लाईट घालवायला आमच्याकडे वेळ चुकत नसे.

यूपीएस ओरडायला लागलं. जुनं होतं, फार तर दहा मिनिटं तग धरायचं. इंटरनेटचा डबाही त्यालाच जोडलेला होता हे नशीब. मी पडदा निम्मा अंधारा केला, तेवढीच वीज वाचेल म्हणून. पट्टी सरकत होती, थांबत होती. काकूंचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो इतका घट्ट होता की नंतर दोन दिवस दुखत होतं. चार मिनिटांनी पट्टी भरली. सगळा कॉम्प्युटर तपासायला तासभर लागला असता. मी फक्त काकूंचा फोल्डर आणि पेनड्राइव्ह तपासायला लावला. लाल अक्षरं आली, सापडला म्हणून. पुसून टाक म्हटलं. मग लपलेलं दाखव अशी खूण केली आणि श्वास धरून बसले. या वेळी खूण पुसली गेली नाही. फोल्डर दिसला. आत अर्ज होता, आणि फोटो होता, दिराच्या दोन हातांत ताणून धरलेला कागद.

दोन्ही फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि कॉम्प्युटर नीट बंद करायच्या आधीच यूपीएसनं मान टाकली.

"चला!"

मी ओढणीसुद्धा रस्त्यात घेतली. पौडच्या रस्त्यावरच्या घोटवडे फाट्याला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटेना. जीपवाला आणखी दोन माणसांची वाट बघत तंबाखू मळत होता. मी तोंड उघडणार तोच काकूच त्याच्यावर कडाडल्या, "आरं ए, चालीव! दोन मानसं वाटंत घे! हितं माझी जिमीन चाललीया आन तू तंबाखू मळतुयास?" जीपमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. काकूंचा आवाज एवढा चढू शकतो, हे मला तेव्हाच कळलं. मला वाटतं त्यांनाही. जीप सुटली.

पौडला फोटो स्टुडिओत लाईट होती. फोटो मोठा करून छापून घेतला, शेजारच्या दुकानात अर्जही. पंचांची नावं त्यात वाचता येत होती. मी ती काकूंना रस्त्यातच वाचून दाखवली. तिसऱ्या नावावर त्या जागीच थांबल्या. "ह्यो? ह्यो तर जित्ता हाय! कासारसाईला लेकीकडं ऱ्हातोय!" दोनला वीस मिनिटं कमी असताना कारकुनानं अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून आमच्या हातात दिली. फोटोकडे बघून म्हणाला, "नुसत्या फोटोला तसा काही अर्थ नाही बरं." काकू म्हणाल्या, "फोटूतलं मानूस घेऊन येते मंग."

आणि आणलाही. सुनावणीला कासारसाईहून त्या म्हाताऱ्याला मी आणि काकू रिक्षातून घेऊन गेलो. त्यानं फोटो डोळ्यांशी धरला, बराच वेळ बघितला आणि साहेबांना म्हणाला, "व्हय. आंगठा माझाच हाय. वाटनी झाली व्हती, आमीच केली व्हती." दीर खाली बघत बसले होते. काही महिन्यांनी सातबाऱ्यावर काकूंचं नाव लागलं. त्यांनी मला पुरणपोळी करून घातली आणि मी दुपारच्या पाळीला तासभर उशिरा गेले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कितीतरी दिवस सांगितली नव्हती, की त्या सकाळी चूक व्हायरसची नव्हती, माझी होती. एकदा धीर करून सांगितली. त्या म्हणाल्या, "मला तवाच कळलं व्हतं. तुझं थोबाड बगूनच."

पुढं मी हिंजवडीजवळ दुसरीकडे राहायला गेले. दोन वर्षांनी एकदा काकूंना भेटायला चांद्याला आले, तर ओढ्याकडे पत्र्याचं कुंपण. काकूंनी शेत विकलं होतं. त्याच बिल्डरला! दिराच्या तुकड्याला लागून, त्याच भावात. माझं डोकं भणाणलं.

"काकू, मग आपण एवढा जीव कशाला काढला? जीपवाल्याला शिव्या दिल्या, त्या म्हाताऱ्याला एवढ्या लांब आणलं! तुमचे दीर तेच तर करत होते!"

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांना माझ्या चिडण्याचं काहीच वाटलं नाही.

"तवा मला न इचारता इकत व्हते," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला भावजी आन तो बिल्डर दोगं हितं आले. ह्याच वट्यावर बसले. वैनी, सही करा म्हनले. मी न्हाई म्हनलं. माघारी गेले. आठ दिसानं परत आले, मी परत न्हाई म्हनलं."

"का? विकायचंच होतं ना तुम्हाला?"

"इकायचंच व्हतं गं." त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "पर न्हाई म्हनायला लई बरं वाटत व्हतं."